धुराची घंटा आणि खोटी हाक



गेल्या पावसाळ्यात आम्ही एका घरी दुपारच्या वेळी गेलो होतो. त्या घरचा थोरला मुलगा आखातात नोकरीला आहे. सुटीवर येताना त्याने आईसाठी धूर ओळखणारे एक यंत्र आणले होते. बशीएवढे, पांढरे, बघायला नीटनेटके. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारावर ते बसवून तो परत गेला. आम्ही वर पाहिले, तेव्हा यंत्राचे झाकण उघडे होते आणि आतले सेल नव्हते.

"मावशी, सेल कुठे गेले?" आम्ही विचारले.

"काय सांगू फादर! फोडणी टाकली की ओरडतंय, भाकरी जरा करपली की ओरडतंय, चूल फुंकायला बसलं की तर विचारूच नका. पाळण्यातलं पोर दचकून उठतंय. शेवटी मालकांनी सेल काढले आणि टॉर्चला घातले. टॉर्च तरी कामाला येतो बघा."

आम्ही हसलो. पण परत येताना मनात विचार आला, की चूक कोणाची? त्या माउलीची तर नव्हे. जे यंत्र दिवसातून चार वेळा खोटे ओरडते, त्याचे पाचवे ओरडणे कोण मनावर घेणार? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गोष्टीत शेवटी लांडगा खरोखर येतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. ही घंटा खोटे कां ओरडते, ती माणसांना वापरता यावी म्हणून जगात काय काय खटपटी झाल्या, आणि आपल्यासारख्या चुलीच्या घरांत तिचा उपयोग कसा करावा, हे ह्या लेखात पाहू.

जागे करण्याची गरज का?

आग लागली म्हणजे माणूस ज्वालांनी भाजून मरतो, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसे घडत नाही. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच धूर पोहोचतो, आणि त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू माणसाची शुद्ध हरपतो. ह्या वायूला रंग नाही आणि वासही नाही. "धुराचा वास आला की मी जागा होईन," असे कोणी म्हणत असेल तर त्याने त्यावर विसंबू नये. गाढ झोपेत नाकही झोपलेले असते. कान मात्र त्या मानाने जागे असतात. म्हणून धूर ओळखून मोठा आवाज करणारे यंत्र उपयोगी पडते.

पूर्वी घरात कापसाची गादी, घोंगडी आणि लाकडी पेटी एवढेच सामान असे. आज फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नायलॉनचे पडदे आले आहेत. हे सामान पेटले की फार झपाट्याने जळते आणि त्याचा धूर अधिक घातक असतो. सावध होऊन बाहेर पडायला मिळणारा वेळ त्यामुळे कमी झाला आहे.

यंत्र धूर कसा ओळखते?

घरगुती धूरसूचक यंत्रे मुख्यतः दोन जातींची असतात.

पहिल्या जातीत अमेरिशियम-241 ह्या किरणोत्सारी धातूचा अतिसूक्ष्म अंश असतो. एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. त्याच्या किरणांमुळे यंत्रातील हवेतून विजेचा अगदी बारीक प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले की तो प्रवाह मंदावतो आणि घंटा वाजते. ह्या जातीचा पाया स्वित्झर्लंडमध्ये घातला गेला. 1930 नंतरच्या दशकात वाल्टर येगर हे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवण्याच्या खटपटीत होते. ते काही जमेना. त्यांनी सिगारेट पेटवली, आणि पाहतात तो सिगारेटच्या धुराने यंत्राचा काटा हलला! पुढे अमेरिकेत ड्युएन पिअर्सॉल यांनी 1965 च्या सुमारास सेलवर चालणारे, सामान्य घराला परवडेल असे यंत्र तयार केले, आणि 1970 नंतर ते तेथे घरोघरी पोहोचले.

दुसऱ्या जातीत किरणोत्सारी धातू नसतो. काळ्या डबीत प्रकाशाचा एक झोत सोडलेला असतो, आणि प्रकाश ओळखणारा डोळा त्या झोताच्या वाटेत न ठेवता बाजूला ठेवलेला असतो. हवा स्वच्छ असेपर्यंत डोळ्याला काही दिसत नाही. कौलांच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरपीत धुळीचे कण कसे चमकतात ते आपण पाहिले आहे. तसेच येथे धुराचे कण झोतात आले की प्रकाश इकडेतिकडे उडतो, तो डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते.

पहिली जात भडकलेली आग लवकर ओळखते. दुसरी जात धुमसणारी आग, म्हणजे गादीत पडलेली विडी किंवा जळके पोते, लवकर ओळखते. आणखी एक फरक गृहिणींनी ध्यानात ठेवावा. स्वयंपाकाच्या वाफाऱ्याने खोटे ओरडण्याची खोड पहिल्या जातीला अधिक आहे.

खोटी हाक

अमेरिकेत आता बहुतेक सर्व घरांत असे यंत्र असते. तरीही घराला आग लागून तेथे जे मृत्यू होतात, त्यांपैकी पाचांत जवळजवळ तीन मृत्यू अशा घरांत होतात, की जेथे यंत्र नव्हतेच किंवा होते पण वाजले नाही. न वाजलेल्या यंत्रांची तपासणी झाली, तेव्हा मुख्य कारण निघाले ते असे: सेल काढलेले, संपलेले किंवा तारा सोडवलेल्या. आणि लोकांनी ते का काढले? तर स्वयंपाक करताना ते वाजत होते म्हणून. म्हणजे आपल्या मावशींनी जे केले, तेच सातासमुद्रापलीकडच्या लोकांनीही केले. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

ह्यातून यंत्र बनवणाऱ्यांना एक धडा मिळाला. धूर किती लवकर ओळखला, एवढ्यावर यंत्र चांगले की वाईट हे ठरत नाही. दहा वर्षे ते घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर राहणार. त्यांनी ते चालू ठेवले पाहिजे. जे यंत्र लोक बंद करून ठेवतात, ते कितीही हुशार असले तरी निरुपयोगी.

शोधकांनी काय काय करून पाहिले?

पहिला उपाय म्हणजे गप्प करण्याचे बटण. खोटी घंटा वाजली की हे बटण दाबावे. यंत्र काही मिनिटे गप्प राहते आणि मग आपोआप पुन्हा राखण करू लागते. सेल काढण्याची गरज उरत नाही. उपाय साधा, पण फार मोलाचा. मात्र एक अडचण राहिली. यंत्र छताला, आणि घरात वृद्ध माणूस एकटे. खुर्चीवर चढून बटण दाबताना पाय घसरला तर आगीपेक्षा पडण्याचीच भीती अधिक. म्हणून काही कारखान्यांनी दूरदर्शन संचाच्या रिमोटने गप्प होणारी आणि तपासता येणारी यंत्रे काढली. घरात वृद्ध असतील तर तोवर झाडूच्या दांड्यानेही बटण दाबता येते. आमच्या मते हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

दुसरा उपाय फसला, आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेतील नेस्ट ह्या कंपनीने 2013 साली एक देखणे यंत्र बाजारात आणले. ते मोठ्याने ओरडण्यापूर्वी माणसाच्या आवाजात सूचना देई, आणि खाली उभे राहून हात हलवला की गप्प होई. लोकांना ते आवडले. पण खरोखर आग लागली असताना घाबरून माणूस हात हलवणारच की! त्यालाच यंत्र 'गप्प बस' असे समजले तर? कंपनीच्याच तपासणीत हा धोका उघड झाला, तेव्हा 2014 च्या एप्रिलमध्ये तिने विक्री थांबवली आणि हात हलवून गप्प करण्याची सोय बंद केली. सुमारे 4 लाख 40 हजार यंत्रांचा हा प्रश्न होता. वापरायला सोपे म्हणजे चुकून बंद होईल इतके सोपे नव्हे, हे त्यातून दिसले. विहिरीच्या रहाटाला हात लावताच तो फिरावा. पण वाऱ्याने फिरू नये.

तिसरी गोष्ट सेलची. सेल संपत आला की यंत्र दर मिनिटाला एकदा 'टिक' असा बारीक आवाज करते. हा आवाज बहुधा ऐन मध्यरात्री किंवा पहाटेच सुरू होतो, आणि लोकांना वाटते की यंत्राला भूत लागले. कारण साधे आहे. पहाटे गारवा वाढतो, गारव्याने सेलचा जोर थोडा उतरतो, आणि दिवसा कसाबसा तग धरलेला सेल तेव्हा हार मानतो. झोपमोड झालेला माणूस उठून सेल काढतो, आणि नवा घालायचे विसरतो. म्हणून आता दहा वर्षे टिकणारा लिथियमचा सेल आत कायमचा बसवलेली यंत्रे मिळतात. तो काढून टॉर्चला घालता येत नाही! दहा वर्षे झाली की सबंध यंत्रच बदलायचे. कारण सेल असो वा नसो, दहा वर्षांत आतला भाग धुळीने आणि वयाने निकामी होत जातो.

चौथी गोष्ट, खुद्द स्वयंपाकाचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक ओळखण्याची. अमेरिकेच्या मानकांत 2015 साली एक नवी कसोटी घालण्यात आली. मांस भाजताना होणाऱ्या धुराने यंत्र उगाच ओरडता कामा नये, आणि फोम जळू लागला तर मात्र वेळेवर ओरडले पाहिजे. एकाच यंत्राकडून दोन्ही गोष्टी मागितल्या गेल्या, हे महत्त्वाचे.

आवाज कोणाला ऐकू येतो?

पुष्कळ वर्षे ह्या यंत्रांचा आवाज किनरा, शिटीसारखा उंच ठेवला जात असे. लहानशा डबीतून तसा आवाज मोठा काढता येतो म्हणून. पण म्हातारपणी माणसाचे कान प्रथम उंच स्वरांनाच बहिरे होतात. आजोबांना तुमचे बोलणे ऐकू येते, पण रातकिडा ऐकू येत नाही, तसेच हे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांवर प्रयोग केले. सुमारे 3100 हर्ट्झच्या उंच स्वरापेक्षा 520 हर्ट्झच्या खालच्या, घोगऱ्या स्वराने लोक अधिक सहज जागे होतात, असे त्यांना आढळले. ऐकू कमी येणाऱ्यांच्या बाबतीतही हाच अनुभव आला.

मुलांची गोष्ट निराळी. मुलांची झोप इतकी गाढ असते, की कानाशी शिटी वाजली तरी ती कूस बदलतात आणि पुन्हा झोपतात. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरी मुलांच्या इस्पितळातील संशोधकांनी 5 ते 12 वर्षांच्या 176 मुलांवर केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उंच शिटीने शंभरांत सुमारे 53 मुले जागी झाली. यंत्रातून आईचा ध्वनिमुद्रित आवाज आला, तेव्हा शंभरांत 86 ते 91 मुले जागी झाली. उठून बाहेर पडायला शिटीच्या बाबतीत साधारण पावणेपाच मिनिटे लागली, आईच्या हाकेला अर्ध्या मिनिटाहूनही कमी. आगीत चार मिनिटे म्हणजे जन्म-मरणाचा फरक होय.

ह्याचा अर्थ आईबापांनी नीट ध्यानात घ्यावा. यंत्र वाजले की मूल आपोआप बाहेर येईल असे समजू नका. मुलांना उठवून बाहेर काढण्याचे काम घरातल्या कोणाचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

धुराच्या घरांसाठी निराळी घंटा

आतापर्यंत सांगितलेली यंत्रे जेथे वीज आणि गॅसवर स्वयंपाक होतो अशा घरांसाठी बनली. पण जेथे चूल, स्टोव्ह आणि मेणबत्ती ही रोजची गोष्ट आहे, तेथे काय?

दक्षिण आफ्रिकेत केप टाउन शहराच्या कडेला खायेलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. लाकडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या. 2013 च्या पहिल्याच दिवशी तेथील एका भागात आग लागली. काही माणसे दगावली आणि हजारो बेघर झाली. केप टाउन विद्यापीठात शिकलेल्या काही तरुणांनी मग ह्या प्रश्नाचा विचार केला. अशा घरात धूर ओळखणारे यंत्र दिवसभर ओरडेल आणि दुसऱ्या दिवशी फेकले जाईल, हे उघड होते. म्हणून त्यांनी धुराऐवजी उष्णता पाहणारे यंत्र केले. चुलीने घर हळूहळू तापते. आगीने ते झपाट्याने तापते. तापण्याचा वेग पाहून हे यंत्र दोहोंतला फरक ओळखते.

त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. अशा वस्तीत एकाच घराला जागे करून भागत नाही. म्हणून एक यंत्र वाजले की रेडिओलहरींनी आसपासच्या घरांतील यंत्रेही काही क्षणांत वाजू लागतात, आणि शेजारी बादल्या घेऊन धावतात. ह्या यंत्राचे नाव 'लुमकानी'. खोसा भाषेत त्याचा अर्थ 'सांभाळा, सावध राहा'. 2014 पासून ते तेथील घरांत बसवले जाऊ लागले.

आमच्या मते ह्या सबंध विषयाचे सार ह्या उदाहरणात आहे. त्या तरुणांनी लोकांना 'तुम्ही चूल पेटवू नका' असे सांगितले नाही. घर जसे आहे, माणसे जशी राहतात, त्याप्रमाणे यंत्र बनवले.

आपल्या घरात काय करावे?

आपल्याकडे साध्या घराला असे यंत्र लावण्याची सक्ती नाही. पण मुलगा परदेशातून आणील किंवा आपण शहरातून विकत आणाल, तर पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दारावर धुराची घंटा लावू नये. चुलीपासून निदान 3 मीटर, म्हणजे दहा फूट तरी दूर असावी. न्हाणीघराच्या वाफेपासूनही दूर ठेवावी.

2. तिची खरी जागा जेथे माणसे झोपतात तेथे. झोपण्याच्या खोलीत, आणि खोलीबाहेरच्या वाटेवर. धूर वर चढतो, म्हणून छताला किंवा भिंतीवर छताच्या खाली वीतभर अंतरावर लावावी. भिंत आणि छत मिळतात त्या अगदी कोपऱ्यात लावू नये.

3. विकत घेताना प्रकाशाच्या झोताची जात मागावी. तिच्यावर 'फोटोइलेक्ट्रिक' किंवा 'ऑप्टिकल' असे लिहिलेले असते. गप्प करण्याचे बटण आहे का ते पाहावे.

4. पत्र्याच्या छताखाली सावध असावे. पुष्कळ घरगुती यंत्रे सुमारे 4 ते 38 अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेली असतात. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली ह्याहून कितीतरी अधिक तापते. तेथे पत्र्याला न चिकटवता भिंतीवर लावणे बरे, आणि खोक्यावरील सूचना वाचून घ्यावी.

5. गोठ्यात किंवा भाताचे पिंजर साठवलेल्या माळ्यावर हे यंत्र लावून उपयोग नाही. धूळ, कोळी-किडे आणि गुरांच्या मुताचा उग्र वायू यांनी ते खोटे ओरडेल किंवा बिघडेल. तेथे राखणीचा उपाय जुनाच: ओले पिंजर रचू नये, चुलीची राख विझल्याखेरीज बाहेर टाकू नये, गोठ्यात उघडा दिवा टांगू नये.

6. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज येतो का ते पाहावे. पहिल्या रविवारी जेवणाआधी, असा नेम ठेवला तर विसर पडत नाही. वरची धूळ आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसावी. घराला रंग देताना यंत्रावर रंग लावू नये.

7. जुने यंत्र फोडू नये, जाळू नये, मुलांना खेळायला देऊ नये. किरणोत्सारी जातीचे यंत्र जोवर बंद आहे तोवर निर्धोक असते. उघडून आतला भाग हाताळणे मात्र योग्य नाही.

8. हे यंत्र गॅसची गळती ओळखत नाही. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही ओळखत नाही. त्यासाठी निराळी यंत्रे असतात. थंडीत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपणे हे घंटा असली तरी जीवघेणेच.

घंटा वाजल्यावर

घंटा फक्त हाक मारते. बाहेर आपणच पडायचे असते. अंगणात एक जागा ठरवा: तुळई ठेवलेली जागा, आंब्याचे झाड, विहिरीचा कट्टा, काहीही. घंटा वाजली की सर्वांनी तेथे जमायचे आणि डोकी मोजायची. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत यावे. खाली हवा स्वच्छ असते. दागिने, कागदपत्रे यांसाठी परत आत जाऊ नये. मग 101 किंवा 112 ह्या क्रमांकावर फोन करावा. दाराला रात्री आतून कुलूप लावत असाल, तर किल्ली अंधारातही सापडेल अशी ठेवा. हे सर्व एका संध्याकाळी मुलांना घेऊन करून पाहा. मुलांना खेळ वाटेल, वाटू द्या.

त्या मावशींच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. मालकांनी यंत्र स्वयंपाकघराच्या दारावरून काढून झोपायच्या खोलीच्या बाहेर लावले होते. टॉर्चला त्यांनी नवे सेल आणले आहेत. "आता ओरडतंय का?" आम्ही विचारले. मावशी म्हणाल्या, "एकदाच ओरडलं फादर. आमच्या बाबूनं खोलीत उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता तवा."

म्हणजे यंत्र आपले काम करीत आहे. आपल्या घरी असे यंत्र असेल, तर हा लेख खाली ठेवण्यापूर्वी वर पाहा. आत सेल आहेत ना?